लहान चणीच्या वादकासाठी रोटरी ट्युबा : नाशिकमधून शोध कसा घ्यावा

ट्युबा, म्हणजे बँडमधलं सर्वांत मोठं, खर्जाचं पितळी वाद्य, घ्यायचा म्हटलं की आधी किमतीची चर्चा होते, मग कंपनीची. वादकाची उंची पाच फुटांच्या आसपास असेल आणि पंजा लहान असेल, तर या दोन्ही चर्चा थोड्या मागे ठेवा. आधी एवढंच बघा : खुर्चीत सरळ बसल्यावर वाद्याचा माऊथपीस (ओठ लावून फुंकायचा पेला) आपल्या ओठांवर येतो की नाकाशी? नाकाशी येत असेल तर मान उचलावी लागते, गळा ताणतो, छाती आखडते आणि श्वास अर्ध्यावर अडतो. असा वादक वर्षभर रियाज करूनही सुरात बसत नाही. मग आजूबाजूचे म्हणतात, "तुझी चणच लहान, तुला हे झेपायचं नाही. क्लॅरिनेट घे."

हे वाक्य शाळांच्या बँडमधल्या मुलींना फार ऐकावं लागतं आणि ते मला मान्य नाही. बहुतेक वेळा वादक कमी पडलेला नसतो, वाद्य चुकीच्या मापाचं असतं. मापाचा ट्युबा परवडणाऱ्या पैशात, नाशिकमध्ये राहून कसा शोधायचा ते इथे क्रमाने सांगतो.

रोटरीच का, आणि कधी नाही

ट्युबाचं पेटंट १८३५ साली बर्लिनमध्ये विल्हेल्म वीपरेख्त आणि योहान गॉटफ्रीड मोरित्स यांनी घेतलं. रोटरी व्हॉल्व्ह, म्हणजे स्वर बदलण्यासाठी दाबायची फिरती झडप, तीही त्याच सुमाराची, व्हिएन्नातल्या योसेफ रीडलची. व्हॉल्व्हचा दुसरा प्रकार पिस्टनचा, त्यात दट्ट्या वरखाली सरकतो. रोटरीत, जुन्या पिंपाच्या तोटीसारखा, एक गोल गाभा आपल्या जागेवरच पाव वळसा फिरतो आणि हवेची वाट बदलतो. बोटाला फक्त पॅडल दाबायचं असतं. ते तरफेसारखं काम करतं, त्यामुळे बोटाचा प्रवास कमी आणि दाबही हलका. मोठ्या पिस्टनवर करंगळीने चौथा व्हॉल्व्ह पूर्ण खाली नेताना लहान पंजाची दमछाक होते. रोटरीत ती अडचण बरीच कमी होते. शिवाय पॅडलची उंची, स्प्रिंगचा ताण आणि पॅडल व्हॉल्व्हला जोडणाऱ्या दांड्यांची लांबी हे सगळं पुढे आपल्या हाताप्रमाणे बदलून घेता येतं. मोठ्या पिस्टनमध्ये इतकी मोकळीक नसते.

उणी बाजूही आहे. रोटरीला नियमित तेल लागतं, तिचे सांधे नाजूक असतात आणि आपल्याकडच्या बहुतेक कारागिरांचा हात पिस्टनवर बसलेला असतो. वाद्य मुख्यतः वरातीत किंवा मिरवणुकीत वाजणार असेल, तर मी रोटरी सुचवणार नाही. गर्दीत एक धक्का बसला की दांडी वाकते आणि भर रस्त्यात व्हॉल्व्ह अडकतो. त्या कामाला पिस्टनचा सूझाफोन (अंगाभोवती अडकवून चालताना वाजवायचा ट्युबा) बरा, आणि लहान चणीला फायबरग्लासचा हलका सूझाफोन अधिक बरा. रोटरी घ्यावी ती बसून वाजवणाऱ्याने : शाळेचा बँड, चर्च, वाद्यवृंद, घरचा रियाज.

आधी अंगाचं माप

घरातली शिवणाची टेप घ्या. फोम नसलेल्या कडक खुर्चीवर पाठ सरळ ठेवून, दोन्ही पावलं जमिनीला टेकवून बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी मापं घ्यायला सांगा.

पहिलं माप बैठकीपासून ओठांच्या मधोमध. दीडशे सेंटिमीटर उंचीच्या माणसाचं हे माप साधारण ६० सेंटिमीटरच्या आसपास येतं, पण धड आणि पाय यांचं प्रमाण प्रत्येकाचं वेगळं असतं, म्हणून स्वतःचंच घ्या. दुसरं माप जमिनीपासून बैठकीपर्यंत. तिसरं बसल्यावर मांडीची जाडी. चौथं, कोपर सैल वाकवून उजवा हात पोटापुढे आणला तर ओठांच्या रेषेपासून बोटांची टोकं किती खाली आणि किती पुढे येतात. पाचवं माप पंजाचं : अंगठ्याच्या बुडापासून करंगळीच्या टोकापर्यंत, पंजा न ताणता.

आता वाद्याची मापं. विक्रेत्याकडून तीन मागून घ्या : तळाच्या मोठ्या वळणापासून माऊथपीसच्या तोंडापर्यंतची उभी उंची, माऊथपीसपासून पॅडलपर्यंतचं अंतर, आणि अंगठ्याच्या कडीपासून चौथ्या पॅडलपर्यंतचं अंतर. जाहिरातीत वाद्याची एकूण उंची आणि बेलचा, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडाचा, व्यास लिहिलेला असतो. त्यावरून बसण्याचं काहीच कळत नाही. एकूण उंची कमी असलेल्या ट्युबातही लीडपाइप (माऊथपीस बसतो ती पहिली नळी) वर बसवलेला असू शकतो.

मग साधी बेरीज-वजाबाकी. समजा तुमचं बैठक-ओठ माप ६० सेंटिमीटर आहे आणि वाद्याचं तळ-माऊथपीस माप ६६. वाद्य मांडीवर घेतलं आणि मांडीची जाडी १२ असेल, तर माऊथपीस ७८ सेंटिमीटरवर, म्हणजे कपाळाच्याही वर. खुर्चीच्या कडेवर पायांमध्ये टेकवलं तर ६६ वर, अजूनही सहा सेंटिमीटर जास्त. पण खुर्चीपुढे जमिनीवरच्या स्टँडवर, बैठकीच्या पातळीपेक्षा सहा सेंटिमीटर खाली ठेवलं, तर माऊथपीस अचूक ओठांवर येतो. हाच हिशोब उलटाही चालतो. वाद्याचं माप ५६ असेल तर ते खुर्चीवर टेकवून खाली चार सेंटिमीटर जाडीचा घडी घातलेला टॉवेल पुरेल.

त्यामुळे "हा ट्युबा मला मोठा आहे" असं ठरवण्याआधी स्टँडचा विचार करा. उंचीची अडचण स्टँड सोडवतो. हात न पोचण्याची अडचण मात्र तो सोडवत नाही. माऊथपीस ओठांवर असताना पॅडलपर्यंत जायला उजवा खांदा पुढे ओढावा लागत असेल किंवा मनगट आत मुडपावं लागत असेल, तर ते वाद्य कितीही स्वस्त मिळत असलं तरी सोडा.

कोणता स्वर, कोणता आकार

ट्युबा मुख्यतः चार स्वरांत मिळतो. बी फ्लॅटची नळी सुमारे १८ फूट, सीची १६, ई फ्लॅटची १३ आणि एफची १२ फूट. लहान माणसाला लहान वाद्य, या न्यायाने कोणी एफ सुचवेल. एफ ट्युबा बहुधा रोटरीच असतो हे खरं, पण तो महाग असतो, त्याचा खालचा पट्टा अनेकदा अडखळतो आणि त्याची बोटं वेगळी शिकावी लागतात. ई फ्लॅट अंगाला छान बसतो, पण त्यात रोटरी शोधणं म्हणजे शोधच संपू नये. सी ट्युबा प्रामुख्याने अमेरिकेतल्या ऑर्केस्ट्रा वादकांचा. म्हणून परवडणारा आणि रोटरी या दोन्ही अटी सांभाळायच्या तर बी फ्लॅटकडे या. युरोपात गावोगावचे बँड पिढ्यान्पिढ्या रोटरी बी फ्लॅटच वाजवत आले आहेत. त्यामुळे जुना माल सर्वांत जास्त याच प्रकारात आहे.

आकार तीन चतुर्थांश, चार चतुर्थांश, पाच, सहा असे सांगतात. हे आकडे कोणत्याही प्रमाणित मापावर ठरलेले नाहीत. एका कंपनीचा पूर्ण आकार दुसरीच्या तीन चतुर्थांशाएवढा निघू शकतो. म्हणून आकड्यापेक्षा वजन आणि आपण मागवलेली तीन मापं बघा. लहान आकाराचा बी फ्लॅट साधारण सहा-सात किलोंचा, पूर्ण आकाराचा आठ ते दहा किलोंचा आणि त्यापुढचे अकरा-बारा किलोंच्याही वर. लहान चणीने आठ किलोंच्या आत-बाहेर राहावं. मोठा ट्युबा घुमतो छान, पण तो हवा मागतो आणि लांब स्वरांवर दम संपतो. आटोपशीर वाद्यात तीच हवा जास्त पुरते.

व्हॉल्व्ह तीन की चार? माझा आग्रह चारचा, आणि कारण गणिताचं आहे. प्रत्येक व्हॉल्व्हची जादा नळी मोकळ्या वाद्याच्या लांबीच्या हिशोबाने कापलेली असते. दोन-तीन व्हॉल्व्ह एकत्र दाबले की वाद्य आधीच लांब झालेलं असतं, आणि मग ती नळी अपुरी पडते. पहिला आणि तिसरा एकत्र दाबला की हिशोबाने स्वर सुमारे ३० सेंट (शंभर सेंट म्हणजे अर्धा स्वर) चढतो. पहिला, दुसरा, तिसरा तिन्ही दाबले तर ५० सेंटच्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाव स्वर. कंपन्या तिसरी नळी थोडी लांब ठेवून हे झाकतात, पण पूर्ण जात नाही. चौथा व्हॉल्व्ह एकट्याने पहिल्या-तिसऱ्याचं काम करतो आणि दुसरा-चौथा मिळून तिन्हींचं. चौथा नसेल तर दर वेळी डाव्या हाताने स्लाइड (आतबाहेर सरकणारी नळी) ओढावी लागते किंवा ओठांनी सूर खाली दाबावा लागतो. लहान हाताला ती स्लाइड अनेकदा पोचतच नाही. तीन व्हॉल्व्हचा ट्युबा हलका आणि स्वस्त असतो. अगदी लहान वयाच्या मुलाला एक-दोन वर्षांसाठी तो चालेल.

नावं आणि पैसे

नव्या जर्मन रोटरी ट्युबाची किंमत कित्येक लाखांत जाते. जर्मनीत वाल्डक्राइबुर्ग इथे १९४६ साली सुरू झालेल्या मिराफोनचा १८६ हा नमुना जगभर ओळखीचा : चार रोटरी व्हॉल्व्ह, ४२ सेंटिमीटरची बेल. तो पूर्ण आकाराचा असला तरी अंगाला आटोपशीर बसतो, आणि जुना चांगला मिळाला तर मी दुसरा शोधत बसणार नाही. चेक देशात ह्रादेत्स क्रालोव्हे इथे १८४२ साली सुरू झालेल्या चेर्व्हेनीचे जुने बी फ्लॅट, पूर्व जर्मनीच्या काळातले वेल्टक्लांग आणि बी अँड एस यांचे जुने ट्युबा, हे परवडणाऱ्या शोधातले खरे उमेदवार. ते दिसायला मळकट असतात, पण त्यांचे पितळ आणि व्हॉल्व्ह अनेकदा भक्कम असतात. यामाहाचे रोटरी ट्युबा सुरात नेमके असतात, मात्र जुन्यातही त्यांची किंमत फारशी उतरत नाही.

नवा आणि स्वस्त हवा असेल तर चिनी कारखान्यांतून आलेले चार व्हॉल्व्हचे रोटरी बी फ्लॅट आहेत. ते वेगवेगळ्या विक्रेत्यांच्या छापांखाली विकले जातात. एकाच नमुन्याचे दोन ट्युबा हातात घेतले तर त्यांत फरक जाणवू शकतो. म्हणून तिथे छापापेक्षा विक्रेता बघा : तो वाद्य पाठवण्याआधी स्वतः तपासतो का, व्हॉल्व्ह जुळवतो का, परत घेतो का.

हाताशी असलेली सगळी रक्कम वाद्यात घालू नका. पाचवा भाग बाजूला ठेवा. माऊथपीस, स्टँड, पहिली सफाई आणि सांध्यांची दुरुस्ती यांत तो जातोच.

नाशिकमधून कुठे शोधायचं

नाशिकच्या वाद्यांच्या दुकानात रोटरी ट्युबा मांडून ठेवलेला दिसेल अशी अपेक्षा धरू नका. पण शहरात वाऱ्याची वाद्यं वाजवणारी माणसं आहेत. नाशिक रोड आणि देवळाली कॅम्प हा लष्करी भाग, महाराष्ट्र पोलीस अकादमी इथलीच, लष्करी शिस्तीच्या शाळा इथल्याच, आणि लग्नसराईतले ब्रास बँड तर आहेतच. ओळखीत कोणी निवृत्त लष्करी किंवा पोलीस बँडवादक असेल तर पहिली चौकशी तिथे करा. त्यांच्याकडे विकायला वाद्य नसलं तरी अनुभवी कान असतो. वाद्य बघायला जाताना अशा माणसाला सोबत न्या आणि मानाने न्या. जाण्यायेण्याचा खर्च तुम्ही करा.

दुसरी जागा मुंबई. धोबीतलाव परिसरात पाश्चात्त्य वाद्यांचा जुना बाजार आहे, फुर्टाडोजसारखं १८६५ पासूनचं दुकान तिथे आहे. दुकानात माल नसला तरी मागवून देता येईल का, सुटे भाग मिळतील का, दुरुस्ती कोण करतं, हे विचारता येतं. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण ट्युबा घेऊन परतायचं असेल तर गर्दीची गाडी टाळा. मोठी केस दारात अडते आणि धक्के बेललाच बसतात. शेअर टॅक्सीची पूर्ण मागची सीट घ्या.

मेरठचं नाव निघेलच. तिथल्या जली कोठी भागात बँडच्या वाद्यांचा मोठा धंदा आहे, आणि नादिर अली कंपनी १८८५ पासून आहे. देशातल्या असंख्य बँडांची वाद्यं तिथून येतात. मात्र तिथे प्रामुख्याने पिस्टनची वाद्यं बनतात. चार रोटरी व्हॉल्व्हचा, सुरात नेमका ट्युबा हवा असेल तर मेरठला आधी फोनवर स्पष्ट विचारा, फोटो मागवा, मगच प्रवासाचं बघा. स्टँड, केस, पट्टे, माऊथपीस यांसाठी मात्र मेरठ फार कामाचं आहे.

वाद्य समोर आल्यावर

इथे घाई करू नका. मोठ्या विक्रेत्यासमोर आणि चकचकीत वाद्यासमोर माणूस भिडेला पडतो. लॅकरची (पितळावरच्या पारदर्शक लेपाची) चमक बघू नका, कारण नवं लॅकर बऱ्याचदा काहीतरी झाकायलाच लावलेलं असतं.

आधी आवाज न काढता बसून बघा. माऊथपीस ओठांवर, डोळे समोर, खांदे खाली. पाच मिनिटं तसंच बसा. कुठे कळ येते ते शरीर सांगेल. मग पॅडल. चारही बोटं पॅडलच्या मधोमध पडतात की टोकाला पोचतात? करंगळी ताणावी लागते का? अंगठ्याची कडी फार लांब असेल तर कारागीर ती डाख काढून जवळ आणू शकतो, म्हणून एवढ्यासाठी वाद्य नाकारू नका. चौथं पॅडल मात्र सहज पोचलं पाहिजे.

मग व्हॉल्व्ह, म्हणजे वाद्याचं काळीज. प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये तेल घाला आणि फिरू द्या, कारण कोरडा व्हॉल्व्ह चांगला असूनही गळतो. पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड, व्हॉल्व्ह न दाबता, थोडी बाहेर ओढा, काही सेकंद धरा आणि मग व्हॉल्व्ह दाबा. "फट्" असा आवाज आला तर हवा धरली जाते आहे. काहीच आवाज आला नाही तर गाभा आणि घर यांच्यात जागा झाली आहे. हीच परीक्षा चारही व्हॉल्व्हवर घ्या. एक कमजोर आणि तीन ठीक असतील तर भाव कमी करून घ्या. सगळेच मुके असतील तर उठा. गाभ्याची झीज भरून काढणं हे आपल्या भागात होणारं काम नाही. तिथे शतांश मिलिमीटरचा हिशोब असतो.

व्हॉल्व्हच्या मागची गोल टोपी हाताने फिरवून काढा. आत आसाच्या टोकावर आणि भोवतीच्या चकतीवर खुणा असतात. व्हॉल्व्ह न दाबता एक खूण जुळली पाहिजे, दाबल्यावर दुसरी. जुळत नसेल तर घाबरू नका. थांबवणारे रबर किंवा कॉर्क झिजलेले असतात आणि ते दहा मिनिटांत बदलता येतात. गाभा मात्र स्वतः बाहेर काढू नका, आणि कोणी काढलाच तर पहिल्याचा दुसऱ्यात जाणार नाही याची खबरदारी घ्या, कारण प्रत्येक गाभा आपापल्या घरातच घासून बसवलेला असतो.

खडखडाट ऐकू आला तर तो कुठून येतो ते शोधा. दांड्यांच्या सांध्यांतून येत असेल तर तो किरकोळ. आसाचं टोक बोटांत धरून वरखाली आणि बाजूला हलवा. तिथे खेळ जाणवला तर झीज आतली आहे आणि खर्च मोठा. दोऱ्याने चालणारी जुनी जोडणी दिसली तर नाक मुरडू नका. ती शांत चालते आणि दोरा तुटला तर मासेमारीच्या विणलेल्या दोऱ्याने घरी बांधता येतो.

पितळ बघा. लीडपाइप आणि पहिली वळणं इथे गुलाबी ठिपके आणि त्यांच्या मधोमध काळसर टिंब दिसत असेल तर पितळातला जस्त निघून चालला आहे. हे आतून बाहेर येतं, घासून जात नाही. लीडपाइप बदलता येतो, पण तो खर्च किमतीतून वजा करा. बेलवरचे आणि तळाच्या वळणावरचे पोचे जवळजवळ प्रत्येक जुन्या ट्युबाला असतात आणि सुराला फारसा त्रास देत नाहीत. लीडपाइपवरचा किंवा व्हॉल्व्हजवळच्या बारीक नळीवरचा छोटा पोचा मात्र मोठ्या पोच्यापेक्षा वाईट. सगळ्या स्लाइड हलतात का बघा. अडकलेली स्लाइड विक्रेत्याकडूनच सोडवून घ्या, तुम्ही जोर लावू नका.

शेवटी सूर. मोबाइलवर ट्यूनर लावा, मधला ए ४४० वर. वाद्य दहा मिनिटं गरम करा, मग एकही व्हॉल्व्ह न दाबता मोकळे स्वर वाजवा : खालचा बी फ्लॅट, एफ, बी फ्लॅट, डी, एफ, वरचा बी फ्लॅट. डी थोडा उतरलेला असतोच, निसर्गतः तो १४ सेंट खाली पडतो. एक-दोन स्वर इकडे-तिकडे असतील तर बोटं बदलून सांभाळता येतं. पण मुख्य स्लाइड पूर्ण ओढूनही सगळेच स्वर चढलेले असतील तर ते वाद्य जुन्या उंच पट्टीचं असू शकतं. इंग्रजांच्या बँडांत ए ४५२ च्या आसपास ठेवून वाजवायची रीत दीर्घकाळ होती आणि तसली वाद्यं अजून फिरतात. ती आजच्या पियानोसोबत किंवा ऑर्गनसोबत जुळत नाहीत.

दूरचा विक्रेता असेल तर याच सगळ्या गोष्टींचा न तोडलेला व्हिडिओ मागा : चारही "फट्" परीक्षा आवाजासह, मागच्या टोप्या काढून खुणांचे जवळून फोटो, लीडपाइपचा दोन्ही बाजूंनी फोटो, आणि टेप लावून ती तीन मापं. जो प्रामाणिक आहे तो पाठवतो.

परदेशातून मागवायचं असेल तर

युरोपातला जुना ट्युबा स्वस्त दिसतो, पण घरी येईपर्यंत रक्कम फुगते. हवाई कुरिअर नुसतं वजन मोजत नाही, आकारही मोजतं आणि जे जास्त भरेल ते धरतं. केस ११० बाय ६० बाय ५० सेंटिमीटर असेल तर नेहमीच्या हिशोबाने या तिन्हींचा गुणाकार भागिले ५०००, म्हणजे ६६ किलो. आतला ट्युबा नऊ किलोंचा असला तरी भाडं ६६ किलोंचं. समुद्रमार्गे, दुसऱ्या मालासोबत, स्वस्त पडतं, पण न्हावा शेवा बंदरातली कागदपत्रं आणि एजंटची फी धरा.

सीमाशुल्क वाद्याच्या एकट्या किमतीवर लागत नाही. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर लागतं, आणि त्यावर पुन्हा आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. एक लाखाचा ट्युबा, तीस हजार समुद्रमार्गाचं भाडं, हजार रुपये विमा, म्हणजे कर एक लाख एकतीस हजारांवर मोजला जाईल. पितळी वाऱ्याच्या वाद्यांचा शीर्षक क्रमांक ९२०५ आहे. मागवण्याच्या आठवड्यात त्याचा त्या वेळचा दर कस्टम एजंटकडून लेखी घ्या. वाद्य वापरलेलं असेल तर जुन्या मालाच्या आयातीचे नियमही त्याच वेळी विचारा.

घरी आल्यावर अंगाला बसवणं

स्टँड विकत घेता येतो, पण सातपूर किंवा अंबडमधल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेणं मला जास्त पटतं. तीन पायांचा जड तळ, एकात एक सरकणारे दोन चौकोनी पाइप, दर दोन सेंटिमीटरला पिनेसाठी भोक, वर इंग्रजी व्हीच्या आकाराची खोबण आणि तिला जाड नमदा किंवा रबर. मुलाची उंची वाढेल तशी पिन वर सरकवा. खोबण इतकी रुंद ठेवा की तळाच्या वळणावर भार पसरेल, धारेवर येणार नाही.

बैठक उंच करावी लागली तर पाय लोंबकळू देऊ नका. पावलांखाली घरातला पाट ठेवा. पाय टेकलेले नसतील तर पोटाचे स्नायू श्वासाला साथ देत नाहीत.

माऊथपीसबद्दल एक समज पसरलेला आहे की लहान माणसाला लहान माऊथपीस. तसं नाही. ओठांची जाडी आणि दातांची ठेवण महत्त्वाची. ३१ ते ३२.५ मिलिमीटर कपापासून सुरुवात करा. बाखचा २४ एडब्ल्यू सुमारे ३१.२५ मिलिमीटरचा, तर १८ क्रमांकाचा ३२.६ च्या जवळपास, आणि दोन्ही सहज मिळणाऱ्यांपैकी. घेण्याआधी त्याचा दांडा आपल्या लीडपाइपमध्ये दोन-अडीच सेंटिमीटर आत जाऊन न डुलता बसतो का पाहा. युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या दांड्यांच्या मापांत फरक असतो, आणि डुलणारा माऊथपीस सूर बिघडवतो.

पॅडलचा ताण जास्त वाटत असेल तर हलकी स्प्रिंग बसवून घ्या. थांबवणाऱ्या रबरासाठी औद्योगिक वसाहतीतल्या रबर विक्रेत्याकडे निओप्रीनची बारीक गोल दोरी मिळते, ती वीतभर घेतली तरी पुरते. दांड्यांच्या टोकाचे बॉल जॉइंट अनेक वाद्यांत तीन मिलिमीटर आट्यांचे असतात. रिमोटवर उडणाऱ्या विमानांच्या सुट्या भागांतही ते सापडतात. लेथवाल्याकडून दांडी करून घ्यायला हरकत नाही. गाभ्याला मात्र त्याने हात लावू नये.

आणि तांबट. नाशिकच्या तांबट आळीतल्या हातांबद्दल मला मोठा आदर आहे, भांड्यांचा इथला बाजार उगाच नावाजलेला नाही. तरीही ट्युबाचे पोचे तिकडे नेऊ नका. वाद्याचा पत्रा जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि तो आतून गोळ्यांनी किंवा रोलरने, न ठोकता, उठवायचा असतो. भांड्याला चालणारी भट्टीची आच लावली तर शेजारचे डाख सुटतात.

नाशिकच्या हवेत निगा

एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात तेल लवकर उडतं, म्हणून त्या दिवसांत रोज, एरवी दोन-तीन दिवसांनी. पातळ रोटर तेलाचे काही थेंब स्लाइडच्या नळीतून आत, जरा दाट तेल मागच्या टोपीखाली आसावर आणि पुढे पॅडलच्या बाजूच्या आसावर. सांध्यांना शिवणयंत्राचं तेल चालतं. खोबरेल कधीही नको. डिसेंबरच्या थंडीत ते गोठतं आणि व्हॉल्व्ह जागीच बसतो.

पावसाळ्यात वाद्य केसमध्ये ओलं बंद करू नका. आधी सगळ्या स्लाइडमधलं पाणी काढा, तासभर उघड्यावर ठेवा. इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांनी केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या दर पंधरवड्याला कढईत कोरड्या भाजून घ्याव्यात.

दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी प्रेमाने पितांबरी किंवा ब्रासो घेऊन येईल. त्याला थांबवा. या पावडरी आणि पॉलिश देवांच्या समयांना उत्तम, पण लॅकर खरवडतात, आणि त्यातले कण व्हॉल्व्हमध्ये गेले तर गाभा घासतो. बाहेरून मऊ सुती फडकं पुरे. वर्षातून एकदा आतून कोमट पाण्याने धुवावं. पाणी कडकडीत नको, आणि व्हॉल्व्ह धुतल्यावर लगेच तेल.

पहिल्या महिन्यात रोज वीस मिनिटांपेक्षा जास्त वाजवू नका, आणि दर रविवारी बैठक-ओठांचं माप पुन्हा घ्या. सवयीने पाठ सरळ होऊ लागली की ते एक-दोन सेंटिमीटर वाढतं. तेवढी पिन वर सरकवा.